घराचा ठरलेला सौदा का मोडतो?

राहत्या घराची खरेदी किंवा विक्री हा भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. तरीही या व्यवहाराचा आरंभ मोठ्या सहजतेने होतो. दोन-तीन भेटी होतात, थोडी घासाघीस होऊन एक आकडा ठरतो, विसार म्हणून काही रक्कम दिली जाते आणि पेढे वाटले जातात. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी त्याच दोन कुटुंबांतील बोलणे बंद झालेले असते. विसाराची रक्कम परत मागितली जाते, ती देण्यास नकार मिळतो आणि प्रकरण वकिलाच्या नोटिशीपर्यंत जाऊन पोहोचते.

अशा वेळी ‘भाव जमला नाही’ असे कारण सांगितले जाते. वस्तुतः भाव जमलेला असतो. त्याशिवाय विसार दिलाच जात नाही. तुटते ते भावानंतरचे सारे. मालकीचे कागद, बँकेचे मूल्यांकन, वारसांची संमती, कराचा बोजा आणि जुन्या कर्जाची शिल्लक या गोष्टी भाव ठरल्यावर एकेक करून पुढे येऊ लागतात आणि प्रत्येक नवी गोष्ट ठरलेला भाव थोडा थोडा खोटा ठरवीत जाते. आपल्याकडे भाव आधी ठरतो आणि वस्तुस्थिती नंतर कळते. घराचे सौदे मोडण्याचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

येथे विचार प्रामुख्याने जुन्या घरांच्या, म्हणजे पुनर्विक्रीच्या व्यवहारांचा आहे. विकासकाकडून घेतल्या जाणाऱ्या नव्या सदनिकांसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्या कायद्याने विकासकाला मनाई केली आहे, तसेच प्रकल्पाची माहिती जाहीर करणे बंधनकारक केले आहे. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला घर विकताना मात्र असे कोणतेही नियामक छत्र नसते.

एक किंमत, दोन हिशेब

पुण्यातील एका सदनिकेचे काल्पनिक उदाहरण घेऊ. किंमत ८० लाख रुपये ठरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जासाठी घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. खरेदीदार त्यानुसार ६४ लाखांचे कर्ज आणि पदरचे १६ लाख असा हिशेब करतो. मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क यांसाठी तो आणखी सुमारे ६ लाख बाजूला ठेवतो. एकूण २२ लाखांची तजवीज झाली म्हणजे आपण सज्ज आहोत, असे त्याला वाटते.

त्यानंतर बँकेचा मूल्यांकनकार येतो. इमारतीचे वय, उद्वाहनाची अवस्था, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील तफावत पाहून तो घराचे मूल्य ७२ लाख ठरवितो. बँक आता ७२ लाखांच्या ८० टक्के, म्हणजे ५७ लाख ६० हजार रुपये देऊ करते. खरेदीदाराला पदरचे २२ लाख ४० हजार घालावे लागतात आणि त्यावर ७ टक्के दराने ५ लाख ६० हजारांचे मुद्रांक शुल्क व ३० हजारांचे नोंदणी शुल्क येते. एकूण गरज २८ लाख ३० हजारांवर जाते. घराच्या भावात एक रुपयाही बदल झालेला नाही. तरी खरेदीदाराला सहा लाखांहून अधिक रकमेची नवी सोय करावी लागते. तो भाव कमी करण्याची विनंती करतो आणि विक्रेत्याच्या दृष्टीने तो शब्द फिरविणारा माणूस ठरतो.

विक्रेत्याचा हिशेबही असाच अपुरा असतो. ८० लाखांतून त्याला जुने कर्ज फेडायचे असते, दलाली द्यायची असते आणि भांडवली नफ्यावरील कर भरायचा असतो. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के दराने कर आकारला जातो. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्के या जुन्या पद्धतीने येणारा कर कमी असल्यास त्याचा लाभ मिळतो. दोन्ही पद्धतींनी आकडेमोड केल्याखेरीज हातात किती उरणार हे सांगता येत नाही. पण ही आकडेमोड बहुतेक जण विसार घेतल्यावर सनदी लेखापालाकडे जाऊन करतात. त्यातच ५० लाख वा त्याहून अधिक किमतीच्या घराच्या मोबदल्यातून १ टक्का कर कापून तो सरकारजमा करणे, हे २०१३ पासून खरेदीदाराचे कर्तव्य आहे. नियम ठाऊक नसलेल्या विक्रेत्याला ८० लाखांच्या व्यवहारात ८० हजार कमी आले, की आपली फसवणूक होत असल्याचा संशय येतो.

म्हणजे दोघांनी मान्य केलेला आकडा एकच असला, तरी एकाच्या दृष्टीने तो खिशातून जाणारा आणि दुसऱ्याच्या दृष्टीने हातात पडणारा आकडा असतो. प्रत्यक्षात तो यांपैकी एकही नसतो.

मालकाच्या मनातील भाव

घराचा भाव ठरविताना आणखी एक अडचण असते. आपल्या मालकीची वस्तू माणसाला बाजारापेक्षा अधिक मोलाची वाटते. डॅनियल काहनेमान, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे पेले दिले होते. ज्यांना पेले मिळाले त्यांनी विक्रीसाठी मागितलेली किंमत इतरांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या पेल्याबाबत हे घडते, तर ज्या घरात मुले लहानाची मोठी झाली त्याबाबत काय घडत असेल, याची कल्पना करता येते.

तोटा स्वीकारण्याची अनिच्छा हे याच स्वभावाचे दुसरे रूप आहे. बोस्टन शहरातील १९९० च्या दशकातील सदनिका-विक्रीचा अभ्यास करून डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी २००१ मध्ये असे दाखवून दिले, की खरेदी-किमतीपेक्षा कमी भाव मिळण्याची शक्यता असलेले मालक तुलनेने अधिक किंमत लावतात आणि त्यांची घरे विक्रीविना अधिक काळ पडून राहतात. आपण किती रुपयांना घेतले, याच्याशी आजच्या खरेदीदाराला काही कर्तव्य नसते. विक्रेत्याच्या मनात मात्र तोच आकडा ठाण मांडून बसलेला असतो.

रॉजर मायरसन आणि मार्क सॅटरथ्वेट या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे उद्बोधक ठरतो. विक्रेता किमान किती रकमेला तयार आहे आणि खरेदीदार कमाल किती देईल, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असेल, तर दोघांचाही फायदा होणार असलेला सौदा काही वेळा फिसकटणे अटळ असते. प्रत्येक जण आपली खरी मर्यादा झाकतो आणि झाकण्याच्या या खेळात काही चांगले सौदे बळी पडतात. दोन्ही बाजूंना परिसरातील खऱ्या व्यवहारांच्या किमती ठाऊक असतील, तर हे झाकणे काही अंशी निरर्थक ठरते. महाराष्ट्रात नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ ही माहिती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. मात्र बहुसंख्य विक्रेते शेजाऱ्याने सांगितलेल्या किंवा जाहिरातीत मागितलेल्या भावावर विसंबतात. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांतील अंतर तेथे दिसत नाही.

रोखीची अट

बोलणी मोडण्याचे एक कारण उघडपणे सांगितले जात नाही. किमतीचा काही भाग रोखीने मिळावा, अशी विक्रेत्याची अपेक्षा असते आणि ती पहिल्या भेटीत बोलून दाखविली जात नाही. भाव ठरल्यावर, दलालामार्फत ‘पांढरे’ किती आणि ‘काळे’ किती, हा प्रश्न येतो. पगारदार खरेदीदाराची सारी भिस्त बँकेच्या कर्जावर असते आणि कर्ज करारातील किमतीवर मिळते. करारात किंमत कमी दाखविली की कर्जही कमी होते. त्यामुळे अशी अट म्हणजे त्याच्या दृष्टीने वाढीव भावच होय.

कायद्याचा फासही या बाबतीत आवळला गेला आहे. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम आगाऊ म्हणून रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे. भंग करणाऱ्यास, म्हणजे रोख स्वीकारणाऱ्यास, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय करारातील किंमत शासकीय मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर विक्रेत्याला शासकीय मूल्य गृहीत धरून भांडवली नफ्यावर कर द्यावा लागतो आणि खरेदीदाराच्या बाबतीत तो फरक उत्पन्न म्हणून करपात्र ठरतो.

हे शासकीय मूल्य महाराष्ट्रात रेडी रेकनर, दिल्लीत सर्कल रेट, गुजरातेत जंत्री आणि कर्नाटकात मार्गदर्शक मूल्य या नावांनी ओळखले जाते. त्यात अचानक बदल झाला, तरी चालू सौदे अडचणीत येतात. गुजरातेत एप्रिल २०२३ मध्ये जंत्रीचे दर दुप्पट करण्यात आले. कर्नाटकात ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झाले. बोलणी जुन्या दराने आणि नोंदणी नव्या दराने, अशी वेळ आली की वाढीव खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर विसारपावतीत बहुधा लिहिलेले नसते.

नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे

सौदा मोडणाऱ्या कारणांत कागदपत्रांचा वाटा फार मोठा आहे. त्यामागे भारतीय कायद्याचे एक मूलभूत वैशिष्ट्य आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो. मालकीची खातरजमा करणे हे त्याचे काम नव्हे. तमिळनाडूतील एका नियमासंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. दस्त करून देणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार निबंधकाला नाही, असे सांगून न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. त्यामुळे मालकी निर्वेध आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी खरेदीदाराच्या वकिलावर येऊन पडते. तो अनेक वर्षांच्या दस्तांची साखळी तपासतो आणि शोध अहवाल देतो. हा अहवाल विसारानंतर तयार होतो, आणि नेमकी येथेच कोंडी होते.

कोंडीचे स्वरूप शहरागणिक बदलते. मुंबई-पुण्यात जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नसते. विकासकाने ते न केल्यास संस्थेला मानीव अभिहस्तांतरण मिळविता यावे, अशी तरतूद २००८ मध्ये महाराष्ट्रात करण्यात आली. तरी अनेक संस्था त्या वाटेला गेलेल्या नाहीत. काही इमारतींना भोगवटा प्रमाणपत्रच नसते. वाहनतळाचा प्रश्न तर हमखास येतो. मोकळी किंवा इमारतीखालील वाहनतळाची जागा विकासकाला सदनिकेपासून वेगळी विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. ‘पार्किंगसह’ म्हणून भाव ठरतो आणि संस्थेच्या नोंदीत त्या जागेचा पत्ताच नसतो.

बेंगळुरूत ‘ए खाता’ आणि ‘बी खाता’ हा भेद निर्णायक ठरतो. नियमबाह्य भूखंडावरील किंवा बांधकामातील मालमत्ता दुसऱ्या वर्गात असते आणि तिच्यावर कर्ज देण्यास अनेक बँका कचरतात. दिल्लीत अनधिकृत वसाहतींतील घरे वर्षानुवर्षे कुलमुखत्यारपत्रावर हस्तांतरित होत आली. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. परिणामी मधली एक कडी मुखत्यारपत्राची असली, की पुढील खरेदीदाराची बँक हात आखडता घेते.

विशेष म्हणजे, माहिती देण्याबाबत कायदा पूर्णतः मौन बाळगून नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम ५५ नुसार, खरेदीदाराला सामान्य दक्षतेने कळू शकणार नाही असा गंभीर दोष विक्रेत्याने उघड करायचा असतो. मालकीचे कागदही दाखवायचे असतात. परंतु ते खरेदीदाराने मागितल्यावर. मागणी केव्हा करायची, हे कायद्याने सांगितलेले नाही. व्यवहारात ती भाव ठरल्यानंतर केली जाते.

सही कोणाची?

विकणारा कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घर वडिलांच्या नावे असते, वडील हयात नसतात आणि बोलणी धाकटा मुलगा करीत असतो. संस्थेच्या भागपत्रावर नामनिर्देशित म्हणून त्याचे नाव असले, तरी नामनिर्देशनाने वारसांचे हक्क संपत नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची सही ‘नुसती औपचारिकता’ मानण्याची सवय अजूनही आहे. बहीण सही करण्यापूर्वी किंमत विचारते, आपला वाटा विचारते आणि तिला तो अधिकार पूर्णपणे असतो. कुटुंबातील हे संभाषण विसार घेण्यापूर्वी व्हायला हवे होते; ते खरेदीदाराच्या डोळ्यांदेखत होते आणि सौदा रखडतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या वैवाहिक मालमत्तेच्या सामाईकतेमुळे पती किंवा पत्नीच्या सहीविना घर विकता येत नाही. बाहेरून आलेल्या खरेदीदाराला हे ऐनवेळी कळते.

अनिवासी भारतीय विक्रेत्यांच्या व्यवहारात वेगळी अडचण आहे. आईवडिलांच्या पश्चात पुण्या-मुंबईतील घर विकू पाहणारी अमेरिकेतील किंवा आखातातील मुले हे आता नेहमीचे चित्र आहे. विक्रेता अनिवासी असेल, तर खरेदीदाराने कापायचा कर १ टक्का नसून दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे अधिभार व उपकर वगळता १२.५ टक्के असतो. कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र प्राप्तिकर विभागाकडून मिळविले नसल्यास खरेदीदार सुरक्षिततेसाठी संपूर्ण किमतीवर कपात करतो. विक्रेत्याची मोठी रक्कम विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकते. प्रमाणपत्रासाठी थांबावे, तर खरेदीदाराच्या कर्जमंजुरीची मुदत टळते.

दोन बँका आणि मधला काळ

आजच्या बहुतेक सौद्यांत केवळ दोन कुटुंबे नसतात, दोन बँकाही असतात. विक्रेत्याचे मूळ कागद त्याच्या बँकेच्या ताब्यात असतात. ते सुटण्यासाठी कर्ज फिटले पाहिजे, कर्ज फेडण्यासाठी खरेदीदाराचे पैसे हवेत, आणि खरेदीदाराची बँक मूळ कागद हाती पडल्याखेरीज पैसे देण्यास नाखूश असते. या चक्रातून मार्ग निघतो. शिल्लक कर्जाचे पत्र आणि तारण कागदांची यादी घेऊन नवी बँक जुन्या बँकेला थेट रक्कम देते. पण दोन्ही बँकांच्या शाखा, वकील आणि मूल्यांकनकार यांचे वेळापत्रक जुळायला आठवडे लागतात. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत न केल्यास बँकेने कर्जदाराला दरदिवशी ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तो उपयुक्त आहे. तथापि ३० दिवस हा काळ नाजूक सौद्याला लहान नव्हे.

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थेचे पत्र हा आणखी एक टप्पा असतो. आदर्श उपविधींनुसार सदनिका हस्तांतरित करण्यासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र अनिवार्य नाही. तरीही बँक ते मागते, आणि थकबाकी किंवा जुना वाद असेल तर संस्थेची समिती ते अडवून धरते. हस्तांतरणासाठी घ्यावयाच्या अधिमूल्यावर महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा असूनही ‘देणगी’ची मागणी होत असते.

विक्रेता स्वतःही कोठे तरी खरेदीदार असतो. भांडवली नफ्यावरील करातून सूट मिळविण्यासाठी त्याला विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरे घर घ्यायचे असते. त्याने पसंत केलेले घर हातचे गेले, तर तो आपले घर विकण्यास कां-कूं करू लागतो. अशा रीतीने एका ठिकाणी तुटलेला धागा तीन कुटुंबांचे बेत उसवून टाकतो. या मधल्या काळात भाव चढले तर विक्रेत्याला पश्चात्ताप होतो, उतरले तर खरेदीदाराला.

विसाराचे भांडण

सौदा मोडल्यावर उरतो तो विसार. दिल्ली-पंजाबकडे खरेदीदाराने माघार घेतल्यास बयाणा बुडतो आणि विक्रेत्याने घेतल्यास त्याने तो दुप्पट परत करावा, असा प्रघात आहे. महाराष्ट्रात ‘टोकन’ परत मिळते अशी सर्वसाधारण समजूत आहे. न्यायालयापुढे मात्र समजुतीला नव्हे, लेखी अटींना महत्त्व असते. दिल्लीतील ७० लाखांच्या एका व्यवहारात खरेदीदाराने ७ लाखांचा विसार दिला होता व पुढे तो करार पूर्ण करू शकला नाही. उच्च न्यायालयाने विक्रेत्याला केवळ ५० हजार रुपये ठेवून घेण्याची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये संपूर्ण ७ लाखांची जप्ती योग्य ठरविली. रक्कम करार पाळण्याची हमी म्हणून दिली होती की किमतीचा आगाऊ हप्ता म्हणून, हा भेद तेथे कळीचा असतो. घाईघाईत लिहिलेल्या पावतीत नेमका तोच स्पष्ट नसतो.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने घरावर कोणताही हक्क निर्माण होत नाही. हक्क खरेदीखतानेच येतो. विक्रेत्याने माघार घेतल्यास कराराची प्रत्यक्ष पूर्तता मागण्याचा मार्ग २०१८ मधील विशिष्ट अनुतोष कायद्याच्या दुरुस्तीने पूर्वीपेक्षा भक्कम झाला आहे. तरीही दावा म्हणजे वर्षांची प्रतीक्षा. मुलांच्या शाळेसाठी, निवृत्तीनंतरच्या निवाऱ्यासाठी किंवा भाड्याच्या घराची मुदत संपत आली म्हणून घर शोधणाऱ्याला अशी प्रतीक्षा परवडत नाही. तो विसारातील काही भाग सोडून देऊन मोकळा होतो.

क्रम बदलणे शक्य आहे

माहिती आधी आणि भाव नंतर, हा क्रम अन्य देशांत कायद्याने आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. इंग्लंडमध्ये करारांची औपचारिक देवाणघेवाण होईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो आणि सौदे मोडण्याची तक्रार तेथेही जुनी आहे. २००७ मध्ये तेथे विक्रेत्याने कागदपत्रांचा संच आधीच तयार ठेवण्याची सक्ती करण्यात आली. तो प्रयोग वादग्रस्त ठरून २०१० मध्ये थांबविण्यात आला. स्कॉटलंडने मात्र डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरांच्या बाबतीत पाहणी अहवाल, मूल्यांकन आणि प्रश्नावली यांचा समावेश असलेला गृह-अहवाल विक्रीची जाहिरात करण्यापूर्वीच सिद्ध ठेवणे बंधनकारक केले आणि ती पद्धत तेथे रुजली.

आपल्याकडे अशी सक्ती नाही. मात्र विक्रेत्याला स्वेच्छेने हे करण्यापासून कोणी रोखलेले नाही. घर विक्रीला काढण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने वकिलाचा शोध अहवाल घेणे, संस्थेकडून थकबाकी नसल्याचे पत्र व वाहनतळाची लेखी नोंद मिळविणे, बँकेकडून शिल्लक कर्जाचा आकडा घेणे, सर्व वारसांची लेखी संमती घेणे आणि कर वजा जाता हाती किती पडेल याचा हिशेब करणे, या पाच गोष्टींना लागणारा खर्च घराच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. ज्याचे कागद तयार आहेत, त्याला भावात घासाघीस सोसावी लागत नाही, हा त्याचा लाभही आहे. जो विक्रेता कागद दाखविण्यापूर्वी विसार मागतो, त्याच्याकडून सावध राहणे खरेदीदाराच्या हिताचे असते.

खरेदीदारानेही घर पाहण्यापूर्वी बँकेकडून आपल्या पात्रतेची मंजुरी घ्यावी आणि कर्ज मूल्यांकनावर मिळते, करारावर नव्हे, हे गृहीत धरून हिशेब मांडावा. विसारपावती लेखी असावी. मालकी निर्वेध न आढळल्यास, ठरावीक रकमेचे कर्ज मंजूर न झाल्यास किंवा वारसांची सही न मिळाल्यास विसार किती दिवसांत परत करायचा, हे तीत नमूद असावे. शासकीय दर बदलल्यास वाढीव शुल्क कोणी भरायचे, तेही लिहावे. मोडण्याच्या अटी आधी लिहून ठेवल्या, तर सौदा मोडला तरी माणसे तुटत नाहीत.

शासनाच्या पातळीवरही काही करण्यासारखे आहे. विसाराची रक्कम विक्रेत्याच्या खिशात न जाता अटी पूर्ण होईपर्यंत तटस्थ खात्यात राहावी, अशी सोपी आणि स्वस्त सोय सामान्य नागरिकाला उपलब्ध होणे गरजेचे आहे. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. त्यातून महसुली नोंदी बऱ्याच अंशी संगणकावर आल्या. परंतु नोंदणी, महसूल, महापालिका आणि गृहनिर्माण संस्था यांच्या नोंदी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. त्या एका ठिकाणी दिसू लागतील, तेव्हा शोध अहवालाला लागणारे आठवडे दिवसांवर येतील.

तोवर घर घेणाऱ्या आणि विकणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे, की पहिल्या बैठकीत ठरतो तो भाव नसून भावाचा अंदाज असतो. कागद, कर्ज, कर आणि सह्या यांची तपासणी झाल्यावर जो आकडा उरतो, तोच खरा भाव होय. पेढे वाटायचे ते त्यानंतर.